छोटा ट्रॅक्टर, उताराचा ड्राइव्हवे आणि चाकांना साखळ्या

मेपलवाडी

थंडी तोंडावर आली की आमच्या इकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "ट्रॅक्टरला फोर-व्हील आहे, मग साखळ्यांचा खर्च कशाला?" तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही अमेरिकेत व्हरमाँटमध्ये गावाबाहेर राहतो. घरापासून रस्त्यापर्यंत खडीचा लांब ड्राइव्हवे, मध्ये एक वळण, वळणावरच सगळ्यात जास्त उतार आणि बाहेरच्या अंगाला ओढा. ट्रॅक्टर 25 अश्वशक्तीच्या आतला, पुढे लोडर (बकेट उचलणारे हात), मागे बर्फ सारायचं ब्लेड. या वर्गातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांना मागे 26x12-12 आणि पुढे 18x8.50-10 मापाचे टायर असतात, आणि लोडरसकट घेतला तर बहुतेक वेळा आर-4, म्हणजे इंडस्ट्रियल नक्षीचे येतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. साखळी घ्यायची ती थांबण्यासाठी. बर्फ ढकलायचं काम वजन आणि फोर-व्हील मिळून बरंचसं निभावतात. थांबणं आणि बाजूला न सरकणं, हे मात्र त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही.

आर-4 चा रबर जाड आणि टणक असतो. नक्षीचे दांडे रुंद, वरून सपाट. मातीत, मुरमात, खडीत हा टायर फार चांगला, टिकतोही खूप. पण गारठ्यात तो आणखी कडक होतो, आणि गाडीच्या विंटर टायरवर असतात तशा बारीक चिरा त्याच्यावर नसतात. ताज्या स्नोमध्ये दांडे रुततात म्हणून काम निघून जातं. अडचण येते ती दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या थरावर. तिथे चारही चाकांना जोर मिळतो आणि चारही जागेवर फिरतात. फोर-व्हीलने जोर वाटला जातो, पकड वाढत नाही. लॉनसाठीचा आर-3 टायर दिसायला मवाळ, पण त्याला छोटे ठोकळे पुष्कळ, म्हणजे कडा पुष्कळ, त्यामुळे बर्फावर तो आर-4 पेक्षा बरा चालतो. हे नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

आता उताराचं बघा. या ट्रॅक्टरांचे ब्रेक साधारणपणे फक्त मागच्या चाकांवर असतात. हायड्रोस्टॅटिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ट्रान्समिशनमध्ये, पेडलवरून पाय काढला की ते ट्रॅक्टरला धरून ठेवतं, पण टू-व्हीलमध्ये असाल तर तेही मागच्याच चाकांना धरतं. अशा वेळी बकेट ओल्या बर्फाने भरून वर उचललेली असेल आणि ट्रॅक्टरचं तोंड उताराकडे असेल, तर सगळा भार पुढच्या चाकांवर गेलेला असतो. ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हलकी झालेली असतात. ब्रेक दाबला की ती जाम होतात, आणि जाम झालेलं चाक बर्फावर नुसतं घसरत जातं. फोर-व्हील टाकलेलं असेल तर पुढच्या चाकांनाही शाफ्टमधून तोच अटकाव पोचतो. म्हणून आमच्या घरात नियम आहे: उतरताना फोर-व्हील टाकलेलंच हवं, बकेट जमिनीपासून वीतभरच वर, मागे वजन लावलेलं, आणि साखळ्या चढवलेल्या. यातली एक गोष्ट नसेल तर ट्रॅक्टर शेडबाहेर काढायचा नाही.

साखळ्यांचे प्रकार. सगळ्यात स्वस्त ती शिडीची: दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या. बाजूच्या चार कड्या सोडून एक आडवी असेल तर ती घेऊ नका. दोन आडव्यांच्या मधला उघडा रबर जमिनीला टेकतो तेव्हा पकड जाते, आणि चालवताना हाडं खिळखिळी होतात. दोन कड्यांमागे एक आडवी असलेलीच घ्या. शेतीची आर-1 नक्षी असेल तर शिडीची अजिबात नको, कारण आडवी साखळी दोन दांड्यांच्या खाचेत जाऊन बसते आणि जमिनीला टेकतच नाही.

शिडीचा आणखी एक दोष फारसं कुणी बोलत नाही. ती पुढे-मागे चांगली धरते, पण बाजूला धरत नाही. ट्रॅक्टर आडवा सरकायला लागला की आडवी साखळी त्याच दिशेने त्याच्याबरोबर सरकते. जाळीची, म्हणजे हिऱ्याच्या आकाराची साखळी तिरकी असते, ती दोन्ही दिशांना धरते. महाग आहे. पण ओढ्याकडच्या वळणाला मी जाळीशिवाय जाणार नाही.

निखळ, घट्ट गोठलेल्या बर्फासाठी आडव्या कड्यांवर पोलादाचे व्ही आकाराचे तुकडे वेल्ड केलेल्याही मिळतात. खडीवर त्या उत्तम, डांबरावर खोल ओरखडे.

बसवायचं कसं, ते जरा सविस्तर. साखळी आदल्या रात्री घरात आणून ठेवा, हात बधिर होत नाहीत. शेडच्या फरशीवर पूर्ण पसरा आणि एकेक आडवी हाताने फिरवून सगळे पीळ काढा, एकही राहू देऊ नका. आडव्या साखळीच्या टोकांना दुमडलेले आकडे असतात. त्यांची उघडी बाजू टायरकडे नको, बाहेरच्या अंगाला हवी, नाहीतर हंगामभर ते टायरच्या भिंतीला खात राहतात. मग चाकावर टाका, अर्धा फेरा पुढे घ्या, आधी आतला आकडा लावा, मग बाहेरचा ताणा. थोडं चालवा, थांबा, पुन्हा ताणा. पहिल्यांदा कितीही घट्ट वाटली तरी चार-पाच कड्यांची ढील निघतेच. शेवटी आतल्या बाजूने चाकाभोवती बोटं फिरवून बघा: मडगार्ड, थ्री-पॉइंटचे (मागे अवजार जोडायच्या जोडणीचे) खालचे दांडे, हायड्रॉलिकच्या नळ्या, लोडरची फ्रेम. कुठेही दोन बोटं जात नसतील तर तशी चालवू नका.

तुमच्याकडे काय वापरता ते लिहा. पुढच्या चाकांना कुणी साखळ्या लावतं का, हेही सांगा.

बफेलोचा_बंड्या

लेख आवडला, पण सरसकट पटला नाही. आमच्याकडे जमीन सपाट. ड्राइव्हवे म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंत सरळ डांबरी पट्टा. मी मागच्या टायरमध्ये द्रव भरून घेतलाय, मागे जड बॅलास्ट बॉक्स (वजनाची पेटी) आहे, आणि टायर आर-3. साखळीवाचून माझं कधी अडलेलं नाही.

आणि साखळीचीही एक मर्यादा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ईरी लेकवरून बर्फाच्या ढगांचा जो पट्टा आला त्यात बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्गकडे 80 इंचांच्या आसपास बर्फ पडला. एवढ्या उंचीच्या बर्फात चाकांना काहीही बांधा, ट्रॅक्टरचं पोटच बर्फावर टेकतं. तिथे हवा ब्लोअर (बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र), तोही वरचेवर बाहेर पडून चालवायचा. सगळं थांबल्यावर एकदाच काढू म्हटलं तर संपलं. पैसे मोजकेच असतील तर मी सपाट जागेवाल्याला सांगेन, आधी वजन, मग ब्लोअर, साखळ्या सगळ्यात शेवटी.

मेपलवाडी

बंड्या, सपाट जागेसाठी तुमचा क्रम बरोबर आहे. उतार असेल तर साखळ्या वजनाच्या लगेच पाठोपाठ, ब्लोअरच्याही आधी. सपाटीवर ट्रॅक्टर घसरला तर फार तर लॉनवर जातो, आमच्याकडे कुठे जाईल ते वर लिहिलंच आहे.

ऊसकरी

ताई, आम्ही शिरोळ तालुक्यातले. बर्फ फ्रिजमधला तेवढा माहीत, पण ट्रॅक्टर घरचा आणि हयात त्यावरच चालली आहे. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढायच्या तर मागच्या टायरमध्ये पाणी भरतो आम्ही. व्हॉल्व्ह वर घ्यायचा आणि व्हॉल्व्हपर्यंत पाणी, वर हवा. भाताच्या चिखलणीला कोकणात मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लावतात, तेही पकडीसाठीच. तुमची साखळी मला त्यातलीच वाटली. तिकडे पाणी भरता येतं का टायरमध्ये? की गोठतं?

मेपलवाडी

ऊसकरी दादा, नुसतं पाणी गोठतं, आणि आत गोठून एका बाजूला ढेप बसली की चाक हिसके देतं. म्हणून इथे तीन पर्याय आहेत. जुना म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी: जड आणि स्वस्त, पण ट्यूब नसेल किंवा कुठे गळलं तर रिम गंजवतं. दुसरा बीटच्या रसाचा. साखर कारखान्यात बीटपासून साखर काढल्यावर मागे उरतो तो दाट द्रव. गॅलनला साधारण 11 पौंड भरतो (पाणी 8.3), कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही आणि रिमला गंज चढत नाही. तुमच्याकडे उसाची मळी, इकडे बीटची! तिसरा, गाडीच्या काचा धुवायचं हिवाळी पाणी. हलकं आहे, पण घरच्या घरी भरता येतं.

एक फरक मात्र आहे. टायरमधलं वजन फक्त त्या चाकांना जमिनीवर दाबतं. थ्री-पॉइंटवर मागे टांगलेला बॅलास्ट बॉक्स मागच्या धुरेच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा लोडरचा भार पुढच्या धुरेवरून उचलून मागे आणतो. लोडरचं काम असेल तर टायर भरलेले असले तरी मागे काहीतरी टांगलेलं हवंच.

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. ट्रॅक्टर चालवलेला नाही, पण लष्करात गाड्या चालवण्यात नोकरी गेली, त्यात लेह आणि झोजिलाचे हिवाळे आले. आमच्याकडे त्यांना नॉन-स्किड चेन म्हणतात. तिकडे रस्ता बर्फातून मोकळा करतात ते सीमा सडकवाले, बीआरओची माणसं. झोजिला साडेअकरा हजार फुटांवर आहे, आणि एका बाजूला दरी. डोझर आणि स्नो-कटर घेऊन ती माणसं दर वर्षी काय करतात ते पाहिलेल्यालाच कळेल. त्यांना माझा सलाम नेहमीच असतो.

आम्हाला शिकवलेलं सांगतो, तुमच्या कामी येईल. साखळी चढाच्या अलीकडे, सपाट जागेवर चढवायची. अडकल्यावर उतारावर गाडीखाली हात घालायची वेळ येऊच द्यायची नाही. दुसरं, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याही खालच्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिन गाडीला धरतं आणि ब्रेकला पाय लावावा लागत नाही. तिसरं, चाक जागेवर फिरायला लागलं तर लगेच पाय काढा. फिरणारं चाक खालचा बर्फ तापवून गुळगुळीत करतं, आणि मग तिथून कुणालाच जाता येत नाही.

साखळी लावून कोरड्या रस्त्यावर गाडी पळवू नये. आडव्या कड्या झिजून एखादी तुटली की तीच मडगार्ड फाडते.

मेपलवाडी

सुभेदार काका, तिसरा मुद्दा इथे घराघरात लिहून लावावा असा आहे. साखळी असली की माणूस पेडल आणखी दाबतो. खडीवर तर साखळीचं फिरतं चाक खड्डाच पाडतं, आणि वसंतात सगळी खडी लॉनमधून दाताळ्याने ओढून आणावी लागते.

सिरॅक्यूजकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. या साखळीचा जन्म आमच्या शेजारचा! इथून जवळ कॅनास्टोटा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हॅरी वीड यांनी 1904 मध्ये टायरवर बसवायच्या साखळीचं पेटंट घेतलं. त्याआधी लोक चिखलात, बर्फात चाकांना दोर गुंडाळायचे. आजही शिडीची साखळी पाहिली तर मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

सुपिरियरकाठ

उशिरा आले. आम्ही मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, लेक सुपिरियरला चिकटून असलेल्या किवीनॉमध्ये राहतो. इथे 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच बर्फ पडला. यूएस-41 च्या कडेला त्याची उंच मोजपट्टीच उभी केली आहे, पाहुणे आले की तिथे फोटो होतोच. नवरा विद्यापीठात, ट्रॅक्टर माझ्याकडे. मेपलवाडीच्या लिखाणाला पूर्ण अनुमोदन.

पुढच्या चाकांबद्दल विचारलंत. आम्ही लावत नाही, बहुतेकांनी लावू नयेत. पुढची चाकं वळतात, पूर्ण वळवल्यावर साखळी लोडरच्या फ्रेमला किंवा धुरेच्या घराला लागते. शिवाय लहान ट्रॅक्टरची पुढची धुरा नाजूक असते. तिला भरपूर पकड दिली आणि वर भरलेली बकेट ठेवली तर आतल्या गिअरवर नको तेवढा ताण येतो. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये पुढे साखळी लावू नका असं स्पष्ट लिहितात, तेव्हा आधी ते पान उघडा. अपवाद एकच: पुढे जड ब्लोअर, मागे साखळ्या, आणि तरी स्टीअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे जागा असेल आणि मॅन्युअलची हरकत नसेल, तरच.

मला खरं लिहायचंय ते सुरक्षिततेबद्दल. साखळ्या लागल्या की धीर येतो, आणि पूर्वी जिथे जात नव्हतो तिथे माणूस जायला लागतो. ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी मागची सुरक्षा-कमान उभी हवी आणि सीटचा पट्टा बांधलेला हवा, दोन्ही एकत्र. कमान दुमडून ठेवली असेल तर पट्टा बांधू नये, हे फार थोड्यांना माहीत असतं. गॅरेजचं दार कमी उंचीचं म्हणून कित्येक जण कमान दुमडतात आणि बाहेर आल्यावर उभी करायची विसरतात.

ब्लोअरचं तोंड ओल्या बर्फाने तुंबलं तर पीटीओ (इंजिनचा जोर ब्लोअरला देणारा शाफ्ट) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत वाट पाहायची, आणि मगच दांडक्याने मोकळं करायचं. हाताने कधीच नाही. बर्फ निघाल्यावर आतलं पातं अडकलेल्या ताणाने पुन्हा फिरू शकतं. थंडी आहे म्हणून दार लावून शेडमध्ये इंजिन तापवत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायद्याचंही एक: मिशिगनमध्ये आपला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर किंवा रस्ता ओलांडून पलीकडे ढकलायला मनाई आहे. बाकी राज्यांतही असे नियम आहेत, आपापल्या ठिकाणचे पाहून घ्या. नगरपालिकेची बर्फ सारणारी गाडी कुठल्या दिशेने येते ते बघून ड्राइव्हवेच्या त्या बाजूला आधी मोकळी जागा करून ठेवली तर तोंडाशी पडणारा ढीग निम्म्यावर येतो.

अनघा_ऑन्टारियो

इथे बॅरीजवळ आमचा ड्राइव्हवे अर्धा डांबरी, घराजवळ इंटरलॉकिंग ठोकळे. उतार आहे, फार नाही. ठोकळे बसवायला चांगलाच खर्च आलाय, त्यावर लोखंड फिरवायचा जीव होत नाही. काय करावं?

सुपिरियरकाठ

अनघा, व्ही आकाराचे तुकडे किंवा खिळे असलेल्या साखळ्या पूर्ण वर्ज्य. रबराचे जाळीदार पट्टे मिळतात, साखळीसारखेच बसतात, ठोकळ्यांना ओरखडा येत नाही. निखळ बर्फावर पोलादाइतके धरत नाहीत, पण थोड्या उताराला पुरतात. ब्लेड असेल तर खाली रबराची पट्टी लावून घे, आणि ब्लोअर असेल तर त्याचे स्किड शू (खालचे टेकू) थोडे खाली घे म्हणजे धार ठोकळ्यांना लागणार नाही. बाकी उतारावर वाळू टाकत जा. मीठ ठोकळ्यांना आणि कडेच्या झाडांनाही बाधतं, आणि फार थंडीत ते काम करणं जवळजवळ सोडतंच.

बफेलोचा_बंड्या

मेपलवाडी, उतारापुरतं तुमचं म्हणणं मान्य. सासऱ्यांचं घर टेकडीवर आहे, त्यांचाही ट्रॅक्टर असाच. काल जाऊन तुम्ही म्हणता तशी बोटं फिरवून पाहिली. डावीकडे आत मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभरही जागा नाही. चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर (जाड चकत्या) लावायला सांगतात. धोक्याचं नाही ना?

मेपलवाडी

लहान ट्रॅक्टरांमध्ये हे फार ठिकाणी निघतं. मागे सव्वा ते दोन इंची स्पेसर लावून चाक बाहेर घेतात. ट्रॅक्टर रुंद होतो, त्याने आडवा कलंडायचा धोकाही थोडा कमीच होतो. पण दोन गोष्टी बघा. स्पेसर त्याच मॉडेलच्या बोल्टच्या मापाचे हवेत, हबवर मध्यभागी नीट बसणारे, आणि पोलादाचे किंवा चांगल्या जाड ॲल्युमिनियमचेच. "बसतील बहुतेक" असं दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आणि रुंदी वाढल्यावर ट्रॅक्टर शेडच्या दारातून जातो का, मागचं ब्लेड चाकांच्या बाहेरपर्यंत झाकतं का, हे आधी टेपने मोजा. ब्लेड चाकांपेक्षा अरुंद पडलं तर चाक साफ न झालेल्या बर्फावरूनच जात राहतं.

नट पान्ह्याने अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच वापरा, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा तपासा. साखळी चढल्यावर त्या नटांपर्यंत सॉकेट नीट पोचत नाही, म्हणून स्पेसर आत्ताच, जमीन गोठायच्या आत लावून घ्या आणि नट एकदा पक्के झाले की मगच साखळ्या.